वर्षातले तीस सोमवार

गोल्फसाठी माझ्याकडे आठवड्याला पाच तास असतात. तेही एका बंगाली कादंबरीच्या पानांमधून चोरलेले. अठरा होलची पूर्ण फेरी चालत खेळायची तर साडेचार तास जातात. म्हणजे एक फेरी झाली की आठवडा संपला, उरलेला अर्धा तास बूट बदलण्यात आणि लिंबूसरबतात. उलट सगळा वेळ सरावाला दिला तर आठवड्याला पाचशे चेंडू मारून होतात, पण खेळ एकदाही होत नाही. नऊ होल खेळायचे आणि उरलेल्या वेळात सराव करायचा, हा मधला मार्ग. तो सगळेच सांगतात, आणि तो मारुतीच्या देवळातल्या प्रसादासारखा असतो: सगळ्यांना मिळतो, पोट कुणाचंच भरत नाही.

हा खेळ माझ्या खिशाचा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. नवऱ्याच्या कंपनीने कोलकात्यातल्या एका जुन्या क्लबाचं सदस्यत्व दिलं. तो चार वेळा जाऊन आला, पाठ धरली म्हणाला, आणि बॅग माझ्याकडे आली. त्याला सहा वर्षं झाली. माझा हँडिकॅप आज चोवीस आहे. ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, चांगल्या खेळाडूला मैदान पार करायला जेवढे फटके लागावेत त्यापेक्षा मला साधारण चोवीस जास्त लागतात, आणि क्लब ते मोठ्या मनाने माफ करतो.

शंभराच्या आसपास फटके मारले तरी प्रत्येक फटक्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. साडेचार तासांत प्रत्यक्ष काठी हलते ती साडेतीन मिनिटं. बाकी सगळं चालणं, थांबणं, शोधणं, गवताकडे पाहणं, आणि मागच्या फटक्याची आठवण विझवत पुढच्या चेंडूपाशी पोचणं. ड्रायव्हिंग रेंजवर मात्र पाऊण तासात शंभर चेंडू होतात. सपाट चटई, शेजारी चेंडूंची टोपली, समोर मोकळी जमीन. एक चुकला की दुसरा तयार. आठ-दहा चेंडूंनंतर हात जुळतो, चेंडू सरळ जायला लागतात आणि माणसाला वाटतं की आता जमलं. चटई तर फारच प्रेमळ असते. चेंडूच्या मागे जमिनीवर काठी आदळली तरी ती घसरून पुढे जाते आणि चेंडू उडतो. तोच फटका गवतावर मारला की हातभर माती निघते आणि चेंडू पायापासून दहा पावलांवर जाऊन पडतो.

मला रेंज आवडायची. अजूनही आवडते. अनुवाद करणाऱ्याला ती घरासारखी वाटावी यात नवल नाही, कारण आमचं सगळं आयुष्य रेंजवरच जातं. एक वाक्य एकोणीस वेळा लिहिता येतं. सकाळी जमलेलं संध्याकाळी खोडता येतं. खेळ म्हणावा असा आमचा दिवस एकच, शेवटची प्रुफं परत पाठवायचा. गोल्फमध्ये पहिल्या टीवरच तो दिवस उगवतो आणि तिथपासून एकही ओळ खोडता येत नाही.

माझा कॅडी मला पहिल्या वर्षी म्हणाला होता, "दिदि, मारा आर खेला एक जिनिश ना." मारणं आणि खेळणं एक नव्हे. तेव्हा तो पंचविशीचा होता, आता एकतीस वर्षांचा आहे. मैदानाच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे, तिथला. बाराव्या वर्षापासून तो लोकांच्या बॅगा वाहतो. मी त्याला "तुमि" म्हणते, तो मला "आपनि", आणि शिकवताना हे उलटंपालटं होत नाही एवढीच त्याची माझ्यावर सवलत.

त्याच्या त्या वाक्यावर मी बरेच दिवस शब्दांच्या बाजूने विचार करत होते. सवय वाईट. बंगालीत 'अभ्यास' म्हणजे मुख्यतः सवय. चहाचा अभ्यास, उशिरा उठण्याचा अभ्यास. हिंदीत तोच शब्द सराव होतो: क्रिकेटचा संघ मैदानात अभ्यास करतो. आणि आपण मराठीत अभ्यासाला बसतो, म्हणजे पुस्तक उघडतो. एकाच संस्कृत शब्दाची तीन मुलं तीन घरी दत्तक गेली. रेंजवर शंभर चेंडू मारले की जे होतं ते बंगाली अर्थाने अभ्यास: अंगवळणी पडतं, चांगलंही आणि वाईटही, रेंज भेद करत नाही. 'चर्चा' या शब्दाची गंमत आणखी वेगळी. आपण चर्चा करून निर्णय पुढे ढकलतो. बंगाली माणूस संगीताची चर्चा करतो म्हणजे ते रोज गातो, जोपासतो. आपल्याकडे मात्र एक शब्द असा आहे की ज्याला मला बंगालीत नेमका जोड सापडला नाही, तो म्हणजे 'रंगीत तालीम'. ते लोक सरळ 'स्टेज रिहर्सल' म्हणतात. तालीम हा शब्द मुळात पहिलवानालाही पुरतो आणि नाटकवाल्यालाही. त्यापुढे 'रंगीत' लावलं की सगळं खऱ्यासारखं होतं. तोंडाला रंग, अंगावर कपडे, मध्ये थांबून पुन्हा सुरुवात करायला बंदी. प्रेक्षक तेवढे नसतात.

कॅडीने मला जे शिकवलं त्याला मी मनातल्या मनात रंगीत तालीम म्हणते. सरावाच्या ग्रीनवर तो टोपली आणू देत नाही. एकच चेंडू. तो ग्रीनकडे पाठ करून चेंडू खांद्यावरून मागे टाकतो. पडेल तिथून, गवतात, वाळूत, उतारावर, तो उचलून ग्रीनवर आणायचा आणि मग भोकात घालायचा. जास्तीत जास्त तीन फटके. चार झाले की एक काडी. दहा काड्या झाल्या की त्या दिवशीचा सराव संपला, घड्याळात वेळ असो वा नसो. रेंजवरही तसंच. एकाच काठीने सलग दोन चेंडू मारायचे नाहीत. पहिला होल डोळ्यांपुढे आणायचा: ड्रायव्हर. तो कुठे गेला ते पाहून उरलेलं अंतर ठरवायचं: सात नंबरचं आयर्न. मग वेज. मग दुसरा होल. असे अठरा होल चटईवर खेळून व्हायला चाळीस चेंडू पुरतात आणि तास लागतो. दिसायला हे फार वाईट दिसतं. हात जुळतच नाही, प्रत्येक चेंडू पहिल्या चेंडूसारखा अवघड. शेजारच्या चटईवरचे गृहस्थ सात नंबरच्या आयर्नने साठावा चेंडू झेंड्याकडे सरळ पाठवत असतात आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहत असतात.

यामागे शास्त्रही आहे, हे मला नंतर कळलं. 1986 मध्ये गूड आणि मॅगिल या दोन संशोधकांनी नवशिक्या मुलींना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला, तर एका गटाला तिन्ही प्रकार सरमिसळ करून दिले. नंतर परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणाऱ्या मुली पुढे होत्या. ज्या बाजूने सराव केला नव्हता त्या बाजूने सर्व्हिस करायला सांगितली, तेव्हाही. घोटलेलं लवकर येतं आणि लवकर जातं. सरमिसळीत प्रत्येक वेळी डोक्याला नव्याने ठरवावं लागतं, आणि ठरवणं हाच खेळाचा मोठा भाग असतो. कॅडीने हा निबंध वाचलेला नाही. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बॅडमिंटनमध्ये पण कॅडी असतात का?"

सरावाबद्दल बोलणारे लोक ज्या दहा हजार तासांची जपमाळ ओढतात, त्याचं मूळही बघण्यासारखं आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा तो निबंध बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर आहे. दहा हजार ही सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, कुणी घालून दिलेली अट नव्हती. त्याच निबंधात सराव, काम आणि मौजेचा खेळ यांत स्पष्ट रेघ मारलेली आहे. मैफल म्हणजे काम. तिथे चुका दुरुस्त करायला वेळ नसतो, जे येतं तेच पुढे करावं लागतं. शिकणं होतं ते दार बंद करून केलेल्या रियाजात. व्हायोलिनसाठी हे पटतं. पण मंचाची जमीन रोज तीच असते, वारा नसतो, आणि स्वर गवतात हरवत नाही. गोल्फचा रियाज बंद खोलीत केला तर तो व्हायोलिनचा होईल, गोल्फचा होणार नाही.

अर्थात सगळंच खेळून येत नाही. पटिंग घोटावं लागतं. जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. तीन-चार फुटांवरचे मात्र त्यांचे क्वचितच चुकतात, आणि ते रोज, कंटाळा येईपर्यंत केल्याशिवाय होत नाही. फेरीत चार फुटांचा पट येईल तेव्हा येईल, दोनदा येईल नाहीतर पाचदा. तेवढ्यावर हात बसत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवलेला असतो. परिच्छेद अडला की मी उठते आणि वीस पट मारते. हे त्या पाच तासांत धरत नाही.

हे सगळे हिशेब सदस्यांचे. सराव किती, खेळ किती, हा प्रश्न ज्याच्याकडे दोन्ही आहे त्यालाच पडतो, हे मला कॅडीच्या आठवड्याकडे नीट पाहिल्यावर दिसलं. क्लबात कॅडींना खेळायला सोमवार असतो. त्या दिवशी मैदान सदस्यांसाठी बंद, गवत कापायचं, पाणी मारायचं, आणि त्यातून वेळ उरेल तसं कॅडींनी खेळायचं. इतर दिवशी त्यांना रेंज नाही. सदस्याबरोबर फेरीत असताना फटका मारायला तर सक्त मनाई. सापडला तर महिनाभर बॅग मिळत नाही. वर्षाचे बावन्न सोमवार. त्यातून कोलकात्याचा पावसाळा वजा करा, जेव्हा चार होल तळ्यात जातात. पूजा वजा करा. कुठल्याशा कंपनीची स्पर्धा सोमवारी ठेवली गेली की तोही वजा करा. उरतात तीसेक. मी, चोवीस हँडिकॅपची अनुवादक, वर्षात त्याच्यापेक्षा जास्त वेळा मैदानावर चेंडू मारते. त्याचा हँडिकॅप कुणी मोजलेला नाही, पण सोमवारी तो सत्तरच्या आसपास खेळतो.

मग तो इतका चांगला कसा? एक, वस्तीतल्या गल्लीत. कुणा सदस्याने टाकून दिलेलं सात नंबरचं आयर्न, तळ्यातून काढलेले चेंडू, पंधरा पावलांवर पसरलेलं गोणपाट. एकाच काठीने उंच, बुटका, वळणारा, घरंगळणारा असे सगळे फटके. खिडक्या काचेच्या असल्यामुळे चुकायला परवानगी नव्हती. आणि दोन, बॅग वाहताना. तो रोज दोन फेऱ्या चालतो. प्रत्येक चेंडूपाशी उभं राहून तो मनात अंतर मोजतो, काठी निवडतो, वारा पाहतो, ग्रीनचा उतार वाचतो. मग सदस्य भलतंच काहीतरी करतात. म्हणजे निर्णयांचे हजारो तास त्याच्या खात्यात आहेत. फटका तेवढा दुसऱ्याने मारलेला. मला यात आमच्याच धंद्यातले काही लोक दिसले, जे आयुष्यभर दुसऱ्यांचे अनुवाद तपासतात आणि स्वतःचं एकही पुस्तक करत नाहीत. भाषा त्यांनाच सगळ्यात जास्त येते.

या शहरात त्याच्या डोळ्यांपुढे उदाहरणही आहे. मी जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकत होते तेव्हा गोल्फ ग्रीन नावाच्या वस्तीत राहायचे. दोन वर्षांत तिथे मला गोल्फचा चेंडूसुद्धा दिसला नाही. नाव मात्र पत्त्यात रोज लिहायचे. ते नाव जिथून आलं ते मैदान जवळच होतं. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथे मैदानाची देखभाल करणाऱ्या एका माणसाचा मुलगा त्याच काळात पाहून पाहून खेळ शिकला होता आणि व्यावसायिक झाला होता: शिवशंकर प्रसाद चौरसिया. 2008 मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. लांब मारणाऱ्यांत त्याची गणना कधीच नव्हती. ग्रीनच्या आसपास मात्र त्याच्याइतका हात थोड्यांचा. त्याच्याही आधी दिल्लीचा अली शेर. तोही कॅडी होता, आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय झाला. कॅडींच्या खोलीत ही नावं देवांसारखी घेतली जातात. पण त्या दोघांना चेंडू मारायला कुणी, कधी, किती वेळ दिला, हे नाव घेताना कुणी सांगत नाही. आमच्या कॅडीला मात्र तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने व्यावसायिक टूरच्या पात्रता फेरीचा अर्ज भरला. शुल्क, रेल्वेचं भाडं, राहणं. चार सदस्यांनी पैसे जमवले, दोघांनी काठ्या दिल्या. पहिल्या टप्प्यात सलग दोन दिवस, दोन फेऱ्या, अनोळखी मैदान. पहिल्या दिवशी बहात्तर. फोनवर त्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. दुसऱ्या दिवशी ऐंशी. तो पुढच्या टप्प्यात गेला नाही.

परत आल्यावर तिसऱ्या होलकडे चालताना मी विचारलं, काय झालं. मला वाटलं, दडपण म्हणेल, नाहीतर अनोळखी ग्रीन. तो म्हणाला, "पहिला दिवस सोमवारच समजा, दिदि. दुसऱ्या दिवशी मंगळवार आला. मंगळवारी मी कधी खेळलोच नाही." आयुष्यात तो सलग दोन दिवस पूर्ण फेरी खेळला नव्हता. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कशा लागतात ते बॅगेमुळे ठाऊक होतं, पण काल लागलेला पट आज का लागत नाही, कालच्या बहात्तरचं ओझं कुठे ठेवायचं, हे कुठल्या गल्लीत शिकणार? त्याच्या सरावात काही कमी नव्हतं. खेळ कमी पडला, आणि तो वाढवणं त्याच्या हातात नव्हतं.

मी समितीला अर्ज लिहिला. कॅडींना सोमवारखेरीज आणखी एक दुपार मिळावी. ज्या दिवशी उन्हामुळे मैदान तसंही रिकामं असतं, अशी. इंग्रजी चांगलं लिहिलं होतं. सह्या एकतीस झाल्या. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दामागचा अर्थ भारतातल्या कुठल्याही भाषेत न बदलता जातो, अनुवादकाला एवढं सुख क्वचित मिळतं. त्याला आता चौदा महिने झाले.

दरम्यान आम्ही दुसरी वाट काढली. शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर नऊ होलचं एक साधं मैदान आहे. गवत उंच, ग्रीनवर कधी कधी बकऱ्या, पण पैसे भरले की कुणीही खेळू शकतं. बुधवारी आम्ही तिथे जातो. मैदानाचे पैसे मी भरते, हे त्याने मान्य केलं. कॅडीची मजुरी मात्र त्या दिवशी घेत नाही. तो खेळाडू म्हणून येतो आणि स्वतःची बॅग स्वतः उचलतो. त्याची अट एकच होती, पैज लावायची. पन्नास रुपये. पैज नसली तर तो सराव होतो, आणि सराव त्याच्याकडे गल्लीत पुरेसा आहे. मला तो नऊ होलला बारा फटके सवलत देतो, कारण मैदान अवघड आहे. तरी गेल्या वर्षभरात मी सहा वेळाच जिंकले आहे. चार फुटांवरच्या पटापाशी तो उभा असतो, पन्नास रुपयांसाठी, आणि त्याच्या मानेची शीर उठलेली असते. त्या वेळी मी खोकतही नाही.

येत्या डिसेंबरात तो पुन्हा अर्ज भरणार आहे. त्याआधी त्याला सलग दोन दिवस हवे आहेत, दर आठवड्याला, निदान दहा आठवडे. मंगळवार आणि बुधवार. रोज त्याच नऊ होलच्या दोन फेऱ्या. दोन दिवस म्हणजे त्याच्या चार बॅगा बुडणार. घरी बायको आणि दोन मुलं आहेत, आणि हा हिशेब त्यांनी आपसात केलेला आहे, मला त्यात विचारलेलं नाही. माझ्या बाजूने पाच तासांचे नऊ होतात, प्रवास वेगळा. रेंज बंद, ग्रीनभोवतालची रंगीत तालीम बंद, पेला तेवढा गालिच्यावर राहील. कादंबरीचे शेवटचे चार खंड उरलेत, ते रात्री होतील.

मी त्याला म्हटलं, दुसऱ्या दिवशी मी दमलेली असेन, माझा खेळ बघवणार नाही. "सेटाइ तो चाइ," तो म्हणाला. तेच तर हवंय. पैज पन्नासचीच राहील. बुधवारी मला दोन फटके जास्त मिळावेत, ही माझी मागणी त्याने अजून मान्य केलेली नाही.